धुण्याआधीचं वजन

माणसाची किंमत त्याच्या शब्दावरून ठरते आणि कापडाची त्याच्या वजनावरून, असं आमच्या परळच्या चाळीत तीन पिढ्या मानत आल्या. हे वचन मी पहिल्यांदा ऐकलं ते तळमजल्यावरच्या एका गृहस्थांच्या तोंडून. त्या वेळी त्यांच्या अंगात नायलॉनचा झिरझिरीत शर्ट होता, आणि आमच्याकडून दोन दिवसांसाठी नेलेली शिडी त्यांनी पुढे कधीच परत केली नाही.

तरी वचनाचा कापडाबद्दलचा भाग आमच्या घरात कायद्यासारखा पाळला जायचा. बाबा गिरणीत कापड तपासायच्या खात्यात होते. मागावरून उतरलेल्या कापडाचे तुकडे त्यांच्याकडे यायचे. ते कापायचे, जोखायचे, ताणून फाडायचे, धुवायचे आणि त्यांचे आकडे वहीत लिहायचे. लहानपणी मला या कामाचं फार कौतुक वाटे, कारण नव्या कोऱ्या कापडाच्या चिंध्या करून घरी शाबासकी मिळवणारा दुसरा माणूस माझ्या माहितीत नव्हता.

शाळा सुरू व्हायच्या आधी गणवेशाचं कापड घ्यायला ते मला आणि धाकट्या भावाला हिंदमाताला न्यायचे. परळहून चालतच. दुकानात शिरलं की त्या गठ्ठ्यांचा जो एक कोरडा, किंचित आंबूस वास यायचा, तो मला अजून कुठेही आला तरी पायांत नवे बूट असल्यासारखं वाटतं. बाकीच्या मुलांचे वडील भाव विचारायचे. बाबा काहीच विचारायचे नाहीत. अंगठा आणि दोन बोटं यांच्यात कापडाची कड धरून क्षणभर उभे राहायचे, एखाद्या आजाऱ्याची नाडी बघावी तसे. मग कापड दोन्ही मुठींत धरून खसाखसा चोळायचे आणि काउंटरवर झटकायचे. बऱ्याचदा काचेवर पांढरी भुकटी पडायची. कांजीत पांढरी माती मिसळून पातळ कापडाला वजन आणायची ती जुनी युक्ती. भुकटी पडली की बाबा नुसते तिच्याकडे बघायचे आणि आम्ही पुढच्या दुकानात जायचो. एक दुकानदार पुढे पुढे आम्हाला लांबून येताना पाहूनच खालच्या फळीवरचा चांगला गठ्ठा वर काढून ठेवायचा. ‘तपासनीस आले,’ म्हणायचा, आणि आधीची भुकटी दिसू नये म्हणून असेल, पण काउंटर आधीच पुसून घ्यायचा.

त्या कापडाच्या खाकी चड्ड्या जमिनीवर ठेवल्या तर आपल्या आपण उभ्या राहायच्या. माझी एक चड्डी तीन वर्षं टिकली, मग ती भावाकडे गेली आणि त्याच्याकडेही दोन वर्षं टिकली. आम्ही दोघेही तिला कंटाळलो. ती आम्हाला कंटाळली नाही.

मग गिरणी बंद झाली. त्यानंतर वीस वर्षं बाबांनी औषधांच्या एका गोदामात खोकी मोजली. ती त्यांनी चोख मोजली असणार, पण त्यांबद्दल ते घरी कधी काही बोलले नाहीत. कापडाबद्दल त्यांना बाहेरचं कोणी काही विचारलं नाही. घरातही हळूहळू तयार कपडे येऊ लागले, ते आम्ही त्यांना न दाखवताच घालायला लागलो. गावाला जाताना पिशवीत घालायचं एक पांघरूण तेवढं त्यांच्या पसंतीचं उरलं होतं. त्याला आम्ही हसायचो आणि थंडीत त्याच्यासाठीच भांडायचो.

गेल्या वर्षी आमची चाळ पुनर्विकासाला गेली. जानेवारीअखेर खोल्या रिकाम्या करायच्या, त्याआधी सगळ्यांचा एक शेवटचा मेळावा करायचा असं ठरलं. त्याच्या बैठकीत पोरापोरींनी मागणी केली की आठवण म्हणून सगळ्यांना हुडी करू या, पाठीवर चाळीचं नाव. हुडी म्हणजे काय हे ज्येष्ठ सभासदांना समजावून सांगण्यात वीस मिनिटं गेली. शेवटी ‘टोपी शिवलेला बिनगुंड्यांचा स्वेटर’ या व्याख्येवर एकमत झालं. आमच्या शेजारच्या काकी मूळच्या मालवणच्या. त्यांनी विचारलं, “मुंबयत थंडी खंय आसा रे? माका पंखो बंद केलो की घाम येता.”

याचं उत्तर माझ्या लेकीकडे होतं. ती एका तयार कपड्यांच्या कंपनीत काम करते. लोअर परळला, बाबांची गिरणी होती त्याच आवारातल्या काचेच्या इमारतीत. तिथे बारा महिने इतका एसी असतो की ती मे महिन्यातही हुडी घालून बसते. तिने काकींना सांगितलं की मुंबईत थंडी आता ऑफिसात असते. काकींना ते पटलं. सरकारी नोकरीत मी अडतीस वर्षं काढली. तिथली थंडी वेगळ्या प्रकारची होती, तिला हुडीचा उपयोग झाला नसता.

कापडाचा प्रश्न निघाला तेव्हा चाळ कमिटीचे सेक्रेटरी उभे राहिले. हे महापालिकेतून निवृत्त झालेले, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठे, आणि उभं राहिल्याशिवाय त्यांना बोलता येत नाही. ते म्हणाले, आपण गिरणगावची माणसं, आपल्या वाडवडिलांनी अख्ख्या देशाला कापड घातलं, तेव्हा हलकं कापड आपल्या अंगाला लागणार नाही. त्यांच्या साडूंच्या ओळखीचा एक कपडे करून देणारा होता. त्याच्याकडे सगळ्यात वजनदार कापड चारशे जीएसएमचं होतं. तेच घ्यायचं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जीएसएम म्हणजे काय हे टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी फार तर चौघांना माहीत असेल, पण चारशे हा आकडा ऐकायला भारदस्त वाटतो यात शंका नाही. टाळ्या थांबल्यावर कोणीतरी मागून म्हणालं की आपल्याकडे कापडातला माणूस बसलेला असताना एकदा त्यांना दाखवून तर घ्या. सगळे बाबांकडे वळले. बाबा शेवटच्या खुर्चीत होते. ते म्हणाले, दाखवा, बघतो.

दुसऱ्या दिवशी तीन नमुने आले, प्रत्येक पंचाएवढा, कोपऱ्यात चिठ्ठी लावलेला: दोनशे चाळीस, तीनशे वीस, चारशे. बाबा साधारणपणे एक दिवसाआड दाढी करतात. त्या दिवशी दाढीची पाळी नव्हती, तरी त्यांनी केली.

“आजोबा, जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन,” लेक म्हणाली. “बाकी त्यात काही नाही.”

“आम्ही वाराला औंस म्हणायचो. तेच ते.”

तिने चिठ्ठ्या आत दुमडल्या आणि नमुने त्यांच्या मांडीवर ठेवले. बाबांनी पहिला धरला, पेपरच्या कडेला पेन्सिलीने औंसांचे ग्रॅम केले आणि दोनशे चाळीसच्या आसपास म्हणून सांगितलं. दुसऱ्याला तीनशे वीस-पंचवीस. लेकीने माझ्याकडे बघितलं. तिच्या ऑफिसात या कामाला एक यंत्र आणि एक पदवीधर ठेवलेला आहे. दुसऱ्या नमुन्यावर बाबांचा हात जरा जास्त वेळ रेंगाळला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, आडवा ताणला, सोडला, तो परत जागेवर आला का ते पाहिलं आणि मान हलवली. हे कापड मागावरचं नाही, सुयांवर गुंफलेलं आहे, म्हणजे बनियनच्या जातीचं, आणि या जातीबद्दल गिरणीतल्या माणसाला फारसा आदर नसतो. पण जातीच्या मानाने बरं आहे, असं त्यांचं मत पडलं. धागा बारीक आहे, पीळ घट्ट आहे, आतून घासून लव उठवलेली नाही. दहा वर्षं मरणार नाही.

तिसरा नमुना त्यांनी हातात घेतला. आतल्या मऊ लवीवरून अंगठा फिरवला. चोळून झटकला. भुकटी पडली नाही.

“चारशे भरेल,” ते म्हणाले. “पण चारशे नाही.”

“म्हणजे काय, आजोबा?”

“जाड आहे, दाट नाही. वजन आहे, पण ते सगळं कापडाचं नाही. काहीतरी भरलंय. धुऊन बघ, खाली येईल.”

लेकीने त्यांना सांगितलं की हल्ली मऊपणा यावा म्हणून कापडाला बरंच काही लावतात, आणि लोकांनाही वाटतं की जितकं जड तितकं चांगलं. प्रत्यक्षात सैल गुंफलेलं जाड कापड लवकर पोपडतं, गाठी धरतं, आणि घट्ट गुंफलेलं मध्यम कापड त्याच्या दुप्पट टिकतं. बाबांनी हे लक्ष देऊन ऐकलं. आपलं म्हणणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना माणूस किती शांत बसतो, ते मी तेव्हा पाहिलं.

पुढच्या बैठकीत त्यांनी हे सगळ्यांसमोर सांगितलं. तीनशे वीसचं घ्या, चारशेचं पहिल्या धुण्यात खाली येईल. सेक्रेटरींचा चेहरा पडला. त्यांच्या दृष्टीने प्रश्न ऐंशी ग्रॅमचा नव्हता, गिरणगावचा होता, आणि काही अंशी साडूंचाही. ते म्हणाले, काकांच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण कारखानदाराने छापून दिलेला आकडा खोटा कसा म्हणायचा? काकी म्हणाल्या, मग धुवा की, नळ आहे खाली. तसंच ठरलं. रविवारी सकाळी चौकातल्या नळावर, सर्वांदेखत.

बैठकीहून वर येताना बाबा जिना नेहमीपेक्षा भरभर चढले. त्यांनी चाळीस वर्षांत कापडाबद्दल दिलेला हा पहिला जाहीर शब्द होता. चाळ आणखी महिन्याभरात उठणार होती, त्यामुळे तो शेवटचाही होता. तो खरा ठरावा एवढंच मला वाटत होतं. हुडी कुठल्याही कापडाची झाली असती तरी मी ती घालणार नव्हतो.

रविवारी चौकात निम्मी चाळ जमली. लेकीने ऑफिसातून गोल तुकडा कापायची कातर आणि छोटा वजनकाटा मागून आणला होता. कातरीने शंभर चौरस सेंटिमीटरची चकती निघते, तिच्या वजनाला शंभराने गुणलं की जीएसएम. प्रत्येक नमुन्यातून एकेक चकती कापली. आकडे चिठ्ठीप्रमाणे निघाले: दोनशे चाळीस, तीनशे वीस, चारशे. सेक्रेटरींनी हात मागे बांधून चौफेर पाहिलं. मग बाबांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या, लाकडी स्टुलावर बसले आणि उरलेले नमुने बादलीत घातले. गॅलऱ्यांतून माणसं वाकून बघत होती. कोणी मोबाइलवर चित्रण करत होतं. बाबा एखाद्या कसबी माणसासारखे काम करत होते, म्हणजे लोकांकडे न बघता, पण लोक बघताहेत हे ठाऊक असलेले.

दुसऱ्या मजल्याच्या दोरीवर नमुने वाळायला घातले. दोन पुढच्या दिवशीच वाळले, चारशेला बुधवार उजाडला. बुधवारी संध्याकाळी कॅरमबोर्डावर काटा मांडून पुन्हा चकत्या कापल्या. पहिला नमुना दहा ग्रॅमनी वर गेला होता. दुसरा बारा. तिसरा चारशे चोवीस.

बाबांनी दुसऱ्या जागेवरून चकती कापायला सांगितली. ती चारशे पंचवीस भरली.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सेक्रेटरी पुढे झाले आणि त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. “असू द्या, काका,” ते म्हणाले. “वय झालं की बोटं...” वाक्य त्यांनी मोठ्या मनाने अर्धवट सोडलं. बाबांनी तिन्ही नमुन्यांच्या नीट चौकोनी घड्या घातल्या, एकावर एक ठेवल्या आणि वर आले. त्याच संध्याकाळी चारशेच्या कापडाची ऑर्डर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेलो तेव्हा ते खिडकीशी तो तिसरा नमुना हातात धरून बसले होते.

“आटलंय हे,” ते म्हणाले. “सुयांवरचं कापड पाण्यात आटतं. तेच वजन कमी जागेत आलं, मग चकती जड भरणारच. त्यात काय गेलं आणि काय आलं, हे आता कळायचं नाही.”

मी म्हटलं, आटलं किती ते मोजू या.

“कशावरून मोजणार? मी खूण केली नव्हती.”

मग त्यांनी सांगितलं. तपासणीत कुठलाही तुकडा पाण्यात जाण्याआधी त्यावर रंगीत दोऱ्याचे दोन टाके घालायचे, बरोबर दहा इंचांवर. धुऊन वाळल्यावर टाक्यांतलं अंतर मोजायचं. कामाला लागल्यावर पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट. एकदा टाके न घालता एका नव्या माणसाने तुकडा धुतला होता, त्याला बाबांनी दोन दिवस नुसते टाकेच घालायला लावले होते.

“सगळी वर्षं एक तुकडा खुणेशिवाय पाण्यात घातला नाही,” ते म्हणाले. “आणि रविवारी घातला.”

“का पण?”

बाबांनी चहा संपवला. “एवढी माणसं बघत होती,” ते म्हणाले.

चुकलेल्या आकड्याचं त्यांना दुःख नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. गॅलरीतली माणसं बघून त्यांनाही क्षणभर सेक्रेटरी झाल्यासारखं वाटलं होतं, आणि तेवढ्यात सुईदोरा राहिला होता. मी कप उचलून आत गेलो.

मेळावा जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी झाला. हुड्या आदल्या दिवशी आल्या: गडद निळ्या, पाठीवर चाळीचं नाव, त्याखाली धूर सोडणारं गिरणीचं धुराडं, त्याखाली ‘आम्ही गिरणगावकर’. धुराडं इतकं मोठं होतं की लहान मापाच्या हुडीत धूर टोपीत शिरत होता. ड्रोनने फोटो काढायचे म्हणून सगळ्यांनी दुपारी साडेबाराला चौकात हुडी घालून उभं राहायचं ठरलं. ऊन चांगलंच तापलं होतं. सेक्रेटरी वारसा या विषयावर बोलले. त्यांच्या कपाळावरचा घाम हनुवटीपर्यंत आला तरी त्यांनी टोपी काढली नाही, याबद्दल मला त्यांच्याविषयी प्रथमच थोडा आदर वाटला. काकींनी हुडी खांद्यावर पदरासारखी घेतली होती. आणि तरीही, वरून आलेला तो फोटो मी नंतर पाहिला तेव्हा त्यातली प्रत्येक निळी पाठ मला ओळखता आली, चेहरा दिसत नसूनही. कोण वाकलेलं, कोण एका पायावर भार देऊन, कोण शेजाऱ्याला टेकून. साठ वर्षं त्या पाठी नळावर आणि जिन्यात माझ्या पुढे होत्या.

फोटोत एकाच माणसाच्या अंगात पांढरा सदरा आहे. बाबांनी हुडी घातली नव्हती. ती त्यांच्या मांडीवर घडी करून ठेवलेली होती. सेक्रेटरींना ते रुसल्यासारखं वाटलं असावं. त्यांनी दोनदा येऊन आग्रह केला. बाबा म्हणाले, धुतल्याशिवाय नवं कापड मी अंगाला लावत नाही.

महिनाअखेर आम्ही अँटॉप हिलच्या बाजूला संक्रमण शिबिरात राहायला आलो. चाळीतली बिऱ्हाडं तीन दिशांना गेली. सामान पुरतं लागलंही नव्हतं, तेव्हा एका सकाळी बाबांनी माझ्या बायकोकडे सुई, लाल दोरा आणि तिचा केकसाठीचा वजनकाटा मागितला. हुडीच्या आतल्या बाजूला त्यांनी दोन टाके घातले आणि पट्टीने तीनदा मोजले. मग अख्खी हुडी काट्यावर ठेवली. चकतीचं वजन आटण्याने बदलतं. अख्ख्या कपड्याचं बदलत नाही, तो आटला तरी आहे तेवढाच राहतो. त्यांनी पेपरच्या कडेवर लिहिलं: सातशे चौतीस. खोलीत आम्ही तिघंच होतो आणि त्यांतले दोघे भांडी लावत होते.

त्यांनी ती बादलीत धुतली. पाणी ओतताना मोरीच्या तोंडाशी जुन्या मलमलीचा तुकडा बांधला आणि त्यात अडकलेली निळी लव पेपरवर वाळत घातली. हुडी वाळायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशीही त्यांनी ती तशीच टांगून ठेवली, खात्रीसाठी. सहाव्या दिवशी, पहिल्यांदा केलं होतं त्याच वेळेला, वजन केलं. सातशे दोन. टाक्यांमधलं अंतर सव्वानऊ इंच. वाळलेली लव नऊ ग्रॅम. बाबांनी बत्तिसातून नऊ वजा केले, खाली रेघ मारली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. तेवीस ग्रॅम भरण होतं.

“ग्रुपवर टाकू?” मी विचारलं.

“कशाला,” ते म्हणाले. “घालून झाली त्यांची.”

रात्री जेवताना लेकीने मला हळूच सांगितलं की सुती कापड हवेतला दमटपणा शोषतं, सातशे ग्रॅमच्या कपड्यात वीस-पंचवीस ग्रॅमचा फरक नुसत्या हवेनेही पडू शकतो. मी ते बाबांना सांगितलं नाही. त्यांना ते माझ्याहून चांगलं ठाऊक असणार. त्यांनीही मला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी घरात कोणी नसताना मी तोच काटा पुन्हा काढून मोजून पाहिलं. तेवीस ग्रॅम म्हणजे पाच सपाट चमचे साखर.